सोयाबीनचं शेवाळ-टॉनिक: दिलेले पाच तारे मागे घेतोय

2024 च्या खरिपानंतर याच बाटलीला मी पाच तारे दिले होते. 'एकरी तीन क्विंटलचा फरक, डोळे झाकून घ्या' असंही लिहिलं होतं. लिहिताना डोळे माझेच झाकलेले होते. 2023 च्या ऑगस्टमध्ये पावसाने ओढ दिली, फुलं गळाली आणि एकरी पाच क्विंटलवर भागलं. पुढच्या वर्षी पाऊस झाला, आठ क्विंटल आलं. पाऊस पडला आणि मान बाटलीला मिळाला! परभणी जिल्ह्यात जन्मभर नववी-दहावीला विज्ञान शिकवलं, त्या माणसाने असं लिहावं याची लाज वाटली. म्हणून 2025 ला नीट बघायचं ठरवलं.

विक्रेत्याचा माणूस म्हणाला, आमचा डेमो प्लॉट बघा. बघितला. फवारलेलं सोयाबीन विहिरीजवळच्या काळ्या रानात, बिनफवारलेलं पलीकडे मुरमाडात. असल्या ठिकाणी गंगाजळ शिंपडलं असतं तरी तेच दिसलं असतं.

मी सहा जागा निवडल्या: बांधाजवळची हलकी, मधली, खालची भारी अशा. प्रत्येक जागी शेजारी-शेजारी दोन तुकडे, मोजायचा भाग 33 बाय 33 फूट, म्हणजे एक गुंठा. भोवतीच्या पिकाच्या दोन-दोन ओळी सोडून दिल्या, कारण वाऱ्याने फवारा उडतो. वाण सगळीकडे एमएयूएस 71, आपल्या परभणी विद्यापीठाचंच. जोडीतल्या कुठल्या तुकड्याला औषध आणि कुठल्याला साधं पाणी, हे नातीने नाणं उडवून ठरवलं. मी ठरवलं असतं तर चांगला तुकडा नकळत औषधाला गेला असता. इंग्लंडात रोथॅमस्टेडच्या शेती केंद्रावर 1919 मध्ये रुजू झालेल्या रोनाल्ड फिशरने हा चिठ्ठी-नाण्याचा मार्ग शेतीच्या प्रयोगात रुळवला. शाळेत हे शिकवायला कधी वेळच मिळाला नाही. अभ्यासक्रम 'साहित्य, कृती, निष्कर्ष' यापुढे सरकत नव्हता.

शेजारचे आबा बांधावरून म्हणाले, "गुरुजी, नुसतं पाणी फवारायलात? डोकं ठिकाणावर आहे ना?" पाणी मुद्दाम फवारलं. नाहीतर पिकात शिरून तुडवण्याचा आणि ओलाव्याचा फरकही बाटलीच्या नावावर गेला असता.

औषध सौ.ने कालवलं. कॅनला लाल आणि पिवळा दोरा, कुठला कशाचा ते चिठ्ठीवर लिहून तिने चिठ्ठी डाळीच्या डब्यात टाकली. पण या औषधाला वाळल्या मासळीसारखा वास आहे, त्यामुळे फवारणाऱ्या गड्याला पहिल्याच पंपात सगळं कळलं. इथे माझी लंगडी बाजू. मळणी आणि वजन करणाऱ्यांना मात्र पोत्यावरच्या आकड्यांखेरीज काही माहीत नव्हतं. हडंब्यात, म्हणजे मळणी यंत्रात, बारा पोत्यांची सरमिसळ होईल म्हणून काठीने बडवलं. सगळं सारखं वाळवून मगच काट्यावर ठेवलं.

मग सप्टेंबर. 2025 चा पाऊस सांगायला नको. पाचव्या जोडीत फवारलेल्या तुकड्यात तीन दिवस पाणी साचलं. चिठ्ठी उघडली तेव्हा फवारलेल्या तुकड्यांचा फरक किलोत असा निघाला: 0.9 जास्त, 1.4 जास्त, 0.6 कमी, 0.5 जास्त, 1.1 कमी, 0.7 जास्त. पाचवी जोडी काढून टाकली की सरासरी 300 ग्रॅमवरून 580 वर जाते. हात फार शिवशिवला. पण साचलेल्या तुकड्याचं काय करायचं हे आधी वहीत लिहिलेलं नव्हतं. आणि पाणी बिनफवारलेल्या तुकड्यात साचलं असतं तर जोडी काढायची आठवण मला झाली असती का? जोडी ठेवली.

सहापैकी चार जोड्यांत फवारलेलं सरस. पण औषधाचा काहीच गुण नसला तरी नुसत्या नशिबाने एवढं होऊ शकतं: नाणं सहा वेळा उडवलं तर चार किंवा जास्त छापे पडायची शक्यता 64 त 22, म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून थोडी जास्त. बिनफवारलेल्या तुकड्यांतच बांधाजवळ 11 किलो आणि खालच्या भारी रानात 17 किलो निघाले. सहा किलोचा फरक रानाचा, त्यात 300 ग्रॅम कुठे शोधायचे?

खरे धरले तरी एकरी 12 किलो. 2025-26 च्या हमीभावाने, क्विंटलला 5328, हे झाले 639 रुपये. दोन फवारण्यांना एकरी 800 मिली लागतं, 900 रुपये लिटरच्या हिशोबाने 720, गड्याची मजुरी वेगळी.

बाकी बाटली चांगली आहे. बुचाचं माप बरोबर, नोझल तुंबत नाही, पानं करपली नाहीत. दोन तारे. औषध कुचकामी आहे असं मी म्हणत नाही. सहा जोड्यांत लहान फरक पकडता येत नाही, आणि हंगामही एकच. पुढच्या खरिपात बारा जोड्या घेणार, साचलेल्या तुकड्याचा नियम पेरणीआधी लिहून.

पाऊण लिटरच्या वर औषध उरलंय. आबा मागायलेत, अर्ध्या रानावर मारून बघतो म्हणाले. कुठल्या अर्ध्या? तर विहिरीकडच्या. म्हटलं आबा, बसा, आधी नाणं काढा.