थंडीत कॅम्परव्हॅन: झाकून ठेवावी की हिंडवावी?

नोव्हेंबर उजाडला की इंग्लंडमधल्या आमच्या घरी हाच वाद: कॅम्परव्हॅन, म्हणजे झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली व्हॅन, मार्चपर्यंत दारात उभी करायची, की अधूनमधून बाहेर काढायची?

उभी केली तर पैसे वाचतात. गाडी खासगी जागेत ठेवून 'सॉर्न' केलं, म्हणजे ती रस्त्यावर आणणार नाही असं सरकारला कळवलं, की रोड टॅक्स नाही आणि विमाही सक्तीचा नाही. (चोरी-आगीसाठी मी तो ठेवतोच.) पण पाणी काढण्यात आळस चालत नाही. गोठताना पाणी साधारण 9 टक्के फुगतं. पहिल्या वर्षी मी टाकी आणि बॉयलर रिकामे केले, नळ मात्र बंदच ठेवले. मार्चमध्ये पंप सुरू केला, तर सिंकच्या नळाला केसाएवढी चीर आणि कारंजं थेट माझ्या चष्म्यावर! आता सगळे नळ उघडे, गाद्या भिंतीपासून सुट्या, फ्रीजचं दार किलकिलं. बॅटरीही महिन्यातून एकदा चार्ज करतो. उतरलेली लेड-ॲसिड बॅटरी लवकर गोठते.

वापरायची तर इंजिन, टायर, ब्रेक चालते राहतात. गॅस मात्र प्रोपेनच हवा. शून्याच्या आसपास ब्युटेनची वाफच होत नाही, चहाचं आधण तसंच राहतं. त्याहून त्रास दमटपणाचा. दोघं झोपलो की सकाळी काचांवरून ओघळ. हीटर चालू असतानाही छताची खिडकी बोटभर उघडी लागते.

माझं मत: डिसेंबरपर्यंत हिंडावं, मग दोन महिने उभी. बायकोला पटत नाही. तिला जानेवारीतच लेक डिस्ट्रिक्टमधला बर्फ बघायचाय.