घरी बांधलेल्या किट विमानाचं पॅनेल: सोलापूरच्या उन्हाधुळीत काही महिने वापरल्यावर

आधी सगळे जे विचारतात त्याचं उत्तर देऊन टाकतो. विमान अजून उडालेलं नाही. इंजिन चालतं, पॅनेल (वैमानिकासमोरचा उपकरणांचा फळा) पूर्ण लागलंय, कागदपत्रांची मिरवणूक सुरू आहे. तेव्हा पुढे लिहिलेलं सगळं जमिनीवरच्या वापराचं आहे. पण उपकरणांची निम्मी दुखणी जमिनीवरच बाहेर येतात, आणि ती याबद्दलच्या चकचकीत व्हिडिओंत दिसत नाहीत, म्हणून हा प्रपंच.

किट झेनिथ सीएच ७५०. दोन आसनी, पूर्ण अॅल्युमिनियमचं, ख्रिस हाइंट्झ यांच्या डिझाईनचं, आखूड धावपट्टीसाठी बनवलेलं. इंजिन रोटॅक्स ९१२ यूएलएस, १०० अश्वशक्तीचं. बांधतोय सोलापूरच्या पूर्व भागात, मागवाल्यांच्या वस्तीत, घरामागच्या आमच्या जुन्या कारखान्यात. माग विकून टाकले तेव्हापासून शेड रिकामंच होतं. शेजारचे माग मात्र अजून धडधडतात, त्याचा संबंध पुढे येईल.

सांगाड्याबद्दल फार लिहीत नाही. भोकं जुळवायची, क्लेको, म्हणजे पत्रे तात्पुरते धरून ठेवणाऱ्या पिना, लावायचे (तांब्याच्या रंगाचे एक अष्टमांश इंचाला, काळे पाच बत्तिसांशला), कडा घासायच्या, प्रायमर मारायचा, रिव्हेट ओढायचे. चिकाटी असेल तर कुणालाही जमेल. किट बनवणाऱ्यांनी या भागाची कागदपत्रं उत्तम दिली आहेत. पॅनेलपाशी आलात की ती संपतात. तिथून पुढे तुम्ही, वायरचं भेंडोळं आणि चार वेगवेगळ्या कंपन्यांची मॅन्युअलं. एकीच्या मॅन्युअलात दुसरीचं नावही नसतं.

माझं मत एका वाक्यात: वेग, उंची, इंजिन दाखवणाऱ्या स्क्रीनवर कमी खर्च करा, वायर आणि क्रिंपरवर (वायरच्या टोकाला लग, म्हणजे धातूचा जोडतुकडा, दाबून बसवायचं हत्यार) जास्त. लोक उलटं करतात. दहा इंची स्क्रीन घेतात आणि वायरिंगला दुकानातली घरगुती पीव्हीसी वायर वापरतात. पीव्हीसी जळते तेव्हा तिचा धूर विषारी असतो, आणि कॉकपिटमध्ये खिडकी उघडून गॅलरीत जाता येत नाही. विमानाच्या वायरवर टेफझेलचं आवरण असतं, १५० अंशांपर्यंत टिकतं, आत कथिलाचा मुलामा दिलेल्या १९ बारीक तारा असतात. ती आपल्याकडे मागवावी लागते, महाग पडते, तरी घ्या. मी २२ गेज सिग्नलला आणि लहान भारांना वापरली, जाड वायर फक्त बॅटरी, स्टार्टर आणि मुख्य बसला, म्हणजे जिथून सगळ्या उपकरणांना वीज वाटली जाते त्या पट्टीला.

क्रिंपर रॅचेटचा, योग्य डायचा घ्या. पक्कडीने दाबलेला लग आज घट्ट वाटतो आणि इंजिनाच्या थरथरीत महिन्याभरात सुटतो. तपासायची माझी पद्धत गावठी आहे, पण चालते. नमुन्याच्या प्रत्येक लगला किराणा दुकानातली पाच आणि दोन किलोची वजनं एकत्र टांगायची. २२ गेजच्या चांगल्या क्रिंपने सुमारे सात किलोचा ताण सहज सोसायला हवा. भारतातल्या एका विक्रेत्याने 'एव्हिएशन ग्रेड' म्हणून पाठवलेल्या लगांच्या पाकिटातले निम्मे या वजनाखाली निसटले. पैसे परत मागितले तर उत्तर आलं, "सर, बाकी कुणाची तक्रार नाही." बाकी कुणी वजन टांगलं नसेल.

वायरचे जुडगे बांधायला प्लॅस्टिकच्या पट्ट्या वापरल्या होत्या. शेजारच्या कारखान्यातले जॉबर (माग दुरुस्त करणारे) मामा एका संध्याकाळी आले, बघत उभे राहिले, आणि म्हणाले, "मालक, हे काय बांधलंय? कापलालंय की तारेला." खरंच पट्टीची कड आवरणात रुतत होती. मी मेणाची चपटी दोरी दाखवली, जुन्या विमानांत जुडगे तिनेच बांधायचे. पुस्तकात बघून मला एका गाठीला जेवढा वेळ लागे तेवढ्यात मामांनी वीतभर जुडगा बांधून दिला. डाव्या हाताच्या अंगठ्याखाली दोरीचा फास धरायचा, उजव्या हाताने दोन वेढे, वर चौकोनी गाठ, आणि टोक दाताने नाही, कात्रीने. आयुष्यभर तुटलेला ताणा सांधणारी बोटं ती. पॅनेलमागचा सगळा पसारा नंतर आम्ही दोघांनी मिळून असाच बांधला. चिकटवायचे प्लॅस्टिकचे बेस तर विसराच. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचा गोंद वितळून एकेक बेस खाली पडला. त्यांच्या जागी रबरी अस्तराचे क्लॅम्प स्क्रूने लावले आहेत, ते हललेले नाहीत.

आता मुख्य भाग, पिटो आणि स्टॅटिक. पिटो म्हणजे समोरून येणाऱ्या हवेचा दाब घेणारी नळी, स्टॅटिक म्हणजे आजूबाजूच्या स्थिर हवेचा, त्यावरून उंची कळते. वेग दाखवणारं उपकरण या दोन दाबांतला फरक मोजतं, आणि तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १०० नॉटला (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) तो साधारण १६५ मिलिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका असतो, ६० नॉटला जेमतेम ६०, आणि ३५ नॉटला फक्त २० मिलिमीटर. म्हणजे हळू चालणाऱ्या आमच्यासारख्या विमानात, उतरताना जिथे वेग सर्वांत अचूक हवा, नेमका तिथेच मोजायचा दाब सर्वांत क्षीण. नळीच्या जोडात केसाएवढी फट असली तरी फरक पडतो.

तपासायला महागडं यंत्र लागत नाही. पारदर्शक नळी इंग्रजी यू आकारात फळीवर ठोकली, शेजारी पोलादी पट्टी लावली, आत निळीचं पाणी. टी-जोडाने ती पिटोच्या नळीला आणि एका मोठ्या सिरिंजला जोडली. सिरिंज अगदी सावकाश दाबत गेलं की दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक वाढतो, स्क्रीनवरचा वेगही वाढतो. फरक ६० मिलिमीटर झाला की ६० नॉट दिसायला हवेत, १०६ ला ८०. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरहून जास्त उंच असलं तरी या तपासणीला त्याची बाधा नाही, कारण दर्शक वेग समुद्रसपाटीवरच्या हवेची घनता धरूनच काढलेला असतो. माझी स्क्रीन एखाद्या नॉटच्या आत जुळली. मग सिरिंज तशीच धरून ठेवायची आणि पाणी खाली सरकतं का बघायचं. स्टॅटिकच्या बाजूला मात्र दाब द्यायचा नाही, ओढ द्यायची: उंची १००० फुटांनी वाढेपर्यंत सिरिंज मागे घ्या आणि मिनिटभर थांबा. अमेरिकन नियमांप्रमाणे १०० फुटांपेक्षा जास्त गळती चालत नाही. आणि तोंडाने फुंकू नका. सेन्सर फुटतात, आणि सेन्सर बदलायचा म्हणजे अख्खा डबा बदलणं.

पिटोला टोपी घालणं हा फालतू उपद्व्याप वाटतो. वाटू द्या. आमच्या शेडमध्ये कुंभारमाश्या आहेत, बोटभर नळी दिसली की चिखल आणून बुजवतात. १९९६ मध्ये डोमिनिकन प्रजासत्ताकाजवळ बिर्गेनएअरचं बोईंग ७५७ पडलं, १८९ माणसं गेली. एक पिटो नळी बुजलेली होती आणि तपास करणाऱ्यांचा संशय अशाच माशीच्या घरट्यावर होता. टाकीच्या हवेच्या नळीलाही टोपी घाला, फक्त तिला लाल फीत लावा म्हणजे काढायची विसरत नाही.

होकायंत्राचा सेन्सर, म्हणजे मॅग्नेटोमीटर, शेडमध्ये बसून जुळवायच्या फंदात पडू नका. वर पत्रा, बाजूला लोखंडी खांब, भिंतीपलीकडे मागांच्या मोटरी. उत्तर दिशा दर तासाला नवी. जीपीएसलाही पत्र्याखाली उपग्रह सापडत नाहीत, आणि मग स्क्रीनवर इतके इशारे येतात की उपकरण बिघडलंय असं वाटतं. विमान ढकलत मोकळ्या मैदानात नेलं तेव्हा सगळं जाग्यावर आलं. माझ्या विमानात शेपटीकडे जाणाऱ्या केबल स्टीलच्या आहेत, म्हणून सेन्सर पंखाच्या टोकाकडे हलवला. जुळवून झाल्यावर एकेक स्विच चालू करून दिशा हलते का बघा. दिव्याची वायर एकटी गेली असेल आणि परतीचा प्रवाह सांगाड्यातून येत असेल तर हलते. जाणारी आणि येणारी वायर एकमेकींना पीळ घालून नेल्यावर ती स्थिर राहते.

थर्मोकपलबद्दल (दोन धातूंच्या तारांचा तापमान मोजणारा सेन्सर) एक सूचना, जी आपल्या इलेक्ट्रिशियनला आधीच सांगून ठेवा. अमेरिकन रंगपद्धतीत थर्मोकपलची लाल तार वजा असते. एक्झॉस्टच्या के प्रकारात पिवळी अधिक, लाल वजा. आपल्याकडे लाल म्हणजे प्लस हे हाडीमाशी मुरलेलं, त्यामुळे आमच्या मदतनिसाने चारही उलटे जोडले आणि इंजिन तापेल तसं तापमान घसरताना दिसलं. शिवाय मधे साधी तांब्याची वायर जोडून लांबी वाढवू नका, त्याच धातूची लागते.

इंधनमापक हा या पॅनेलमधला सर्वांत वाईट भाग. मी आधी कपॅसिटिव्ह प्रोब घेतले होते, हलणारा भाग नसतो म्हणून. पण ते इंधनाच्या विद्युत गुणधर्मावर चालतात. पेट्रोलचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक दोनच्या आसपास, इथेनॉलचा चोविसाच्या. शुद्ध पेट्रोलवर जुळवलेल्या प्रोबला ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळालं की तो टाकीत आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो. चूक नेमकी जीवघेण्या बाजूची. प्रोब बनवणारे हे छोट्या अक्षरांत लिहितात. ते काढून साधे तरंगते सेंडर बसवले, शिवाय खुणा केलेली लाकडी पट्टी, टाकीत बुडवून बघायला. दोन्ही जुळले तरच विश्वास.

तसंही रोटॅक्सने या इंजिनाला दहा टक्क्यांपर्यंतच इथेनॉल मान्य केलंय, आणि पंपावर आता बहुतेक ई२० च मिळतं. घरी तपासायचं असेल तर १०० मिलिलिटरच्या मोजपात्रात १० पाणी, ९० पेट्रोल, हलवून ठेवा. पाण्याचा थर २८ पर्यंत चढला की तुमच्या हातात ई२० आहे. विमानाचं १००एलएल पेट्रोल वापरता येतं, पण त्यातलं शिसं तेल आणि प्लग लवकर खराब करतं.

स्क्रीन कुठली घेतली ते मुद्दाम लिहीत नाही, कारण चार-पाच कंपन्यांच्या या श्रेणीतल्या स्क्रीन कामात उन्नीस-बीस आहेत. माझी उन्हात दिसते, मेनू समजायला सोपे आहेत, इंजिनाच्या प्रत्येक रनची नोंद ठेवते. ही नोंद सर्वांत उपयोगाची. एकदा तेलाचा दाब सुरुवातीला हळू चढताना दिसला, आलेख बघितला म्हणून कळलं. रोटॅक्सला तेल वेगळ्या टाकीत असतं, पंखा (प्रॉपेलर) हाताने फिरवून टाकीतून गुडगुड ऐकू येईपर्यंत थांबावं लागतं, मगच तेलाची पातळी खरी. नावडलं ते हे: स्टार्टर फिरताना व्होल्टेज पडतं आणि बॅकअप बॅटरी नसेल तर स्क्रीन नेमकी त्या क्षणी बंद होऊन पुन्हा सुरू होते, जेव्हा तेलाचा दाब बघायचा असतो. बॅकअप बॅटरी लिथियमची, कुरिअरवाल्याने ती विमानातून न्यायला नकार दिला, आणि पेटी मुंबईत पडून राहिली. मागवायची असेल तर सगळ्यांत आधी मागवा.

व्होल्टेज रेग्युलेटर फायरवॉलच्या (इंजिन आणि कॉकपिटमधल्या पत्र्याच्या भिंतीच्या) गरम बाजूला, सायलेन्सरच्या वर लावू नका. नकाशात जागा तीच दाखवली असली तरी. इथल्या उन्हाळ्यात त्याला हात लावता येत नव्हता. थंड हवेचा एक इंची पाइप दिल्यावर ठीक आहे.

परवान्यांचं थोडक्यात. डीजीसीएकडे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, प्रत्येक टप्प्याचे फोटो आणि नोंदी लागतात, आणि रेडिओसाठी डब्ल्यूपीसीचा (दूरसंचार खात्याच्या वायरलेस शाखेचा) वेगळा परवाना. सुरुवातीपासून वही ठेवा. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत गच्चीवर बांधलेलं विमान २०१६ मध्ये बीकेसीत सगळ्यांनी पाहिलं, नोंदणी झाली २०१७ मध्ये. तेव्हा घाई करून उपयोग नाही. गल्लीत मात्र होटगी रोडचं विमानतळ सुरू झाल्यापासून रोज एकच प्रश्न, "कधी उडणार बे तुझं इमान?" २०२३ मध्ये विमानांना अडथळा ठरलेली सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली, आता गोव्याला विमान जातं, मग तुझं काय अडलंय, असा हिशोब.

एक प्रश्न बऱ्याच जणांनी विचारलाय: एवढी स्क्रीन असताना सुईची गोल उपकरणं ठेवावीत का? मी दोन ठेवली आहेत, वेग आणि उंची, तीन आणि एक अष्टमांश इंचांच्या प्रमाण भोकातली. त्यांना वीज लागत नाही. जुनी, सर्व्हिस केलेली मिळतात, पण घेण्याआधी वरच्या पाण्याच्या नळीवर लावून बघा. मला दाखवायला आणलेल्यांपैकी एकाची सुई ४० नॉटच्या खाली हललीच नाही, आणि विकणारा म्हणत होता की एवढ्या कमी वेगात कोण उडतं.