जॅस्प: पी-व्हॅल्यूच्या पुढे जायचं असेल तर

चिकोडी-निपाणीकडच्या उसाच्या प्लॉटवर प्रयोग असो की बेळगावातल्या लॅबमधला, प्रबंध लिहिताना सगळी धडपड एकाच गोष्टीसाठी होते: पी (फरक खरोखर नसतानाही इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) ०.०५ च्या खाली यावा. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ मध्येच बजावलं होतं की एवढ्या एका आकड्यावर निष्कर्ष ठरवू नका. मग वापरायचं काय? ॲमस्टरडॅम विद्यापीठात तयार झालेलं जॅस्प हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, ओपन सोर्स आहे आणि एकदा इन्स्टॉल केलं की नेटशिवाय चालतं.

एक्सेलची शीट सीएसव्ही (साध्या मजकुराच्या फाइलच्या) रूपात सेव्ह करून जॅस्पमध्ये उघडा आणि आधी कॉलमच्या नावाशेजारचं चिन्ह बघा. मोजमापाच्या कॉलमला पट्टीचं चिन्ह हवं. एखाद्या घरात '१२ किलो' असं एककासकट लिहिलेलं असेल तर अख्खा कॉलम मजकूर समजला जातो आणि मोजमाप म्हणून टेस्टमध्ये नीट वापरता येत नाही. हुकलेल्या नोंदीच्या जागी शून्य टाकलं असेल तर जॅस्प तक्रार करत नाही, सरासरी मात्र बिघडते. घर रिकामं सोडा.

मग टी-टेस्टमध्ये (दोन गटांच्या सरासऱ्यांची तुलना करणारी चाचणी) बेझियन पर्याय निवडा. इथे मिळतो तो बेझ फॅक्टर: फरक आहे असं धरलं तर हाती आलेला डेटा, फरक नाही असं धरण्यापेक्षा किती पट संभवतो, हे सांगणारा आकडा. दोन्ही गटांत २०-२० नोंदी आणि पी बरोबर ०.०५ असेल, तर नेहमीच्या सेटिंगवर हा आकडा दोनपर्यंतही पोचत नाही. म्हणजे पुरावा अगदीच लेचापेचा. साध्या टी-टेस्टमध्ये व्होव्ह-सेल्के नावाची एक टिकमार्क आहे, ती जरूर लावा. पी ०.०५ ला फरकाच्या बाजूने जास्तीत जास्त २.४६ पट वजन मिळू शकतं, हे तिथेच दिसतं. गाइडला पटवायला हा एक आकडा पुरतो.

जॅस्पचा खरा उपयोग 'फरक नाही' म्हणताना होतो. जीवामृत आणि रासायनिक खत यांच्या उताऱ्याची तुलना केली, पी ०.४० आला, की 'दोन्ही सारखेच' असं सर्रास लिहिलं जातं. नुसत्या नोंदी कमी असल्यामुळेही पी मोठा येऊ शकतो, त्यावरून सारखेपणा सिद्ध होत नाही. त्यासाठी इक्विव्हॅलन्स टेस्टचं (फरक ठरवलेल्या मर्यादेच्या आत आहे का हे तपासणारं) मॉड्यूल उजवीकडच्या अधिकच्या चिन्हातून चालू करा. एकरी किती टनांपर्यंतचा फरक शेतकऱ्याच्या दृष्टीने नगण्य, ती मर्यादा मात्र डेटा बघायच्या आधी ठरवा. नंतर ठरवलेल्या मर्यादेला काही अर्थ नाही.

त्रुटीही आहेत. प्रायरची, म्हणजे डेटा बघण्याआधी फरक किती मोठा असू शकेल याच्या अंदाजाची, रुंदी आपोआप ०.७०७ धरली जाते आणि बहुतेक जण तिला हातच लावत नाहीत. ही रुंदी बदलल्यावर बेझ फॅक्टर किती बदलतो हे दाखवणारा रोबस्टनेस चेकचा आलेख काढा. रुंदी बदलल्यावर निष्कर्ष उलटत असेल तर तसं प्रबंधात लिहा. बेझियन टी-टेस्टमध्ये वेल्चचा (दोन्ही गटांतल्या नोंदींचा विखुरलेपणा सारखा न धरणारा) पर्याय नाही, त्यामुळे हा विखुरलेपणा दोन गटांत फारच वेगळा असेल तर अडचण होते. बेझियन अनोव्हात (दोनपेक्षा जास्त गटांची तुलना) एरर टक्केवारीचा, म्हणजे आकडेमोडीतल्या चुकीचा, रकाना वाचा. २० च्या वर गेली तर सेटिंगमधली सॅम्पलची संख्या (तुमच्या नोंदी नव्हे, कॉम्प्युटरच्या आकडेमोडीतले नमुने) वाढवून पुन्हा चालवा. सीड (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारी संख्या) ठरवून द्या, नाहीतर दर वेळी आकडे थोडे हलतात.

एक चूक कुठलंच सॉफ्टवेअर पकडत नाही. प्रत्येक जातीचे तीन प्लॉट, दर प्लॉटमधले दहा ऊस, आणि शीटमध्ये ३० नोंदी. एकाच प्लॉटमधल्या उसांना माती-पाणी एकच असतं, म्हणून त्या ३० स्वतंत्र नोंदी होत नाहीत. अशा डेटावर बेझ फॅक्टर ५० आला तरी तो फुगलेला असतो. प्लॉटची सरासरी काढून तीनच नोंदी घ्या, किंवा एकाच प्लॉटमधल्या नोंदींचं नातं लक्षात घेणारं मिक्स्ड मॉडेल लावा. त्याचं मॉड्यूलही जॅस्पमध्ये आहे.

निकालाच्या तक्त्यात फरक किती टनांचा आणि त्याचा ९५ टक्के क्रेडिबल इंटरव्हल (खरा फरक ज्या मर्यादेत असण्याची शक्यता ९५ टक्के आहे ती मर्यादा) आधी द्या, बेझ फॅक्टर त्यानंतर. बेझ फॅक्टर ३ च्या वर गेला की 'सिग्निफिकंट' लिहायचं, असं सुरू होणार असेल तर जॅस्प घेऊ नका, जुनी टी-टेस्टच बरी.