आंतरतारकीय प्रवासावरची दादरची अभ्यासमाला : अभिप्राय

दादर पश्चिमेला एका खगोल मंडळाने चार रविवारी घेतलेली, आंतरतारकीय प्रवास आणि परग्रहावरील मानवी वस्ती या विषयावरची अभ्यासमाला मी नववीतल्या मुलीसोबत पूर्ण केली. दोघींचे मिळून १,२०० रुपये शुल्क झाले आणि ते मला मुळीच जास्त वाटले नाही.

पहिल्या रविवारी अंतराचे भान आले. १९७७ साली निघालेले व्हॉयेजर-१ हे अंतराळयान सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर जाते, म्हणजे चर्चगेट-विरार अंतर त्याला साडेतीन सेकंदांचे, तरीही ४.२४ प्रकाशवर्षांवरच्या प्रॉक्झिमा सेंटॉरी या सूर्याच्या सर्वात जवळच्या ताऱ्यापर्यंत त्या वेगाने सुमारे ७५,००० वर्षे लागतील. एक किलो वस्तुमानाला प्रकाशाच्या एक दशांश वेग द्यायला किमान साडेबारा कोटी युनिट वीज लागते, हे सरांनी दुसऱ्या रविवारी फळ्यावर मांडून दाखवले आणि मुलीने तेच गणित घरी विजेच्या बिलाच्या मागे पुन्हा सोडवून पाहिले.

तिसरा वर्ग मात्र असा झाला की त्या एकासाठीही मी पूर्ण शुल्क भरले असते. ॲरिझोनातल्या बायोस्फिअर-२ या काचबंद वास्तूत १९९१ ते १९९३ अशी दोन वर्षे आठ माणसे प्रयोगासाठी बंदिस्त राहिली. तीन एकरांहून मोठ्या त्या जागेत शेती होती, झाडे होती, तरीही प्राणवायू २१ टक्क्यांवरून सुमारे १४ टक्क्यांवर उतरला आणि शेवटी तो बाहेरून सोडावा लागला. सेंद्रिय खताने समृद्ध केलेल्या मातीतले सूक्ष्मजीव प्राणवायू वापरत होते, आणि त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड झाडांना मिळण्याऐवजी भिंतींचे काँक्रीट शोषून घेत होते. यान कितीही वेगवान झाले तरी आतली हवा आणि माती पिढ्यान्‌पिढ्या जिवंत कशी ठेवणार, हा प्रश्न मला वेगापेक्षाही कठीण वाटतो, आणि सरांनी त्याला दिलेला वेळ अगदी योग्य होता.

चौथा वर्ग मंगळाचा. नासाच्या पर्सिव्हिअरन्स या मंगळावर फिरणाऱ्या गाडीवरच्या मॉक्सी उपकरणाने तिथल्या हवेतून १६ खेपांत एकूण १२२ ग्रॅम प्राणवायू काढला. एका माणसाला दिवसाला सुमारे ८४० ग्रॅम लागतो. ही तुलना उत्तम होती, पण पुढे घाई झाली. पृथ्वीच्या ३८ टक्के गुरुत्वाकर्षणात गर्भ कसा वाढेल, हा माझ्या मुलीचा प्रश्न वेळेअभावी राहून गेला. पुढच्या तुकडीसाठी मंडळाने या एका विषयाला स्वतंत्र, पाचवा रविवार द्यावा; त्याचे शुल्क आम्ही आनंदाने भरू.