कार्बन काढून देतो म्हणाले आणि टर्बोच काढून घेतला

रबाळे ते महापे या पट्ट्यात कुठेही डिझेल गाडीचा टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलणारा, धुराच्या जोरावर फिरणारा पंखा) ‘साफ’ करायला देणार असाल, तर गाडी आत घालायच्या आधी हे वाचा. माझे ६९,४०० रुपये गेले आहेत आणि माझ्या गाडीचा मूळ टर्बो आज कुणाच्या बॉनेटखाली बसलाय, देव जाणे.

मी कळव्याला राहते, ऑफिस महापेला. गाडी सव्वा लाख किलोमीटर चाललेली, सर्व्हिसिंग कधी चुकवलेलं नाही. मुंब्रा बायपासच्या चढावर एकदम दम गेला. इंजिनचा दिवा लागला, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी गाडी रांगतेय, मागून कंटेनरवाले हॉर्न मारतायत. बंद करून पुन्हा चालू केली की थोडा वेळ बरी, मग तेच. ऑफिसच्या वाटेवरच हे गॅरेज होतं, बाहेर मोठा बोर्ड, ‘टर्बो, ईजीआर, इंजिन डीकार्बन स्पेशालिस्ट’. (ईजीआर म्हणजे धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी झडप.) स्कॅनर लावला आणि मालक म्हणाला, “ताई, टर्बोच्या पात्या कार्बनने जाम झाल्यात. नवीन घ्याल तर पन्नास-पंचावन्न हजार. आपण उतरवून, अल्ट्रासोनिक टाकीत घालून १९,५०० मध्ये नव्यासारखा करून देतो. ईजीआर आणि मॅनिफोल्ड त्यातच.” तिथल्या तिथे ८,००० ॲडव्हान्स यूपीआयने दिले. नाव दुकानाचं नव्हतं, कुणा बाईचं आलं. “घरचंच खातं आहे,” म्हणाला.

आता ज्यांना वाटतंय की एवढं कसं कळलं नाही, त्यांच्यासाठी सांगते. तो जे बोलला ते खोटं वाटण्यासारखं नव्हतंच. माझ्या गाडीत आहे तशा टर्बोत एक्झॉस्टच्या, म्हणजे धूर बाहेर जाण्याच्या बाजूला छोट्या पात्यांचं कडं असतं. वेगाप्रमाणे त्या पात्यांचा कोन बदलतो. ठाणे-बेलापूर रोडवर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरपटणाऱ्या गाडीचं इंजिन नीट तापत नाही, काजळी जळून जात नाही, पात्यांच्या मुळाशी बसते आणि तव्याच्या काठावरच्या जळक्या थरासारखी घट्ट होते. इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत, ईजीआरची काजळी आणि इंजिनच्या ऑइलची वाफ एकत्र येऊन डांबर बनतं. हे सगळं खरं आहे. त्याने मला व्हॉट्सॲपवर काळ्या राडीने भरलेल्या मॅनिफोल्डचे फोटो पाठवले, तेही बहुतेक खरेच असतील, फक्त माझ्या गाडीचे असतील असं नाही. खोटं शंभर खऱ्या गोष्टींच्या मधोमध ठेवलं होतं.

गाडी घ्यायला गेले तेव्हाचा प्रसंग मात्र रात्री झोपू देत नाही. जोडायच्या आधी बघायला बोलवा असं मी बजावलं होतं, म्हणून टर्बो टेबलावर मांडून ठेवला होता. चकचकीत. टर्बोची एक्झॉस्टकडची बाजू ओतीव लोखंडाची असते, वर्षानुवर्षं लालभडक तापलेली. ती कितीही घासा, तांबूस-करडीच निघते. ही चांदीसारखी होती, म्हणजे रंग मारलेली. आणि पुढच्या ॲल्युमिनियमच्या भागावर नंबरची पट्टी असते ना, तिथे फक्त दोन बारीक भोकं. मी त्यावर बोट ठेवून विचारलं, पट्टी कुठे? “केमिकलमध्ये निघून जाते ताई, सगळ्यांचीच जाते.” सोबतची दोन पोरंही माना डोलावत होती. मी विचारलं होतं! समोरचा धडधडीत तोंडावर खोटं बोलतो, तेव्हा गिऱ्हाइकाने काय प्रयोगशाळा आणायची? ती पट्टी खिळ्यांनी ठोकलेली असते, साफसफाईत आपोआप निघत नाही. हे आता माहीत झालंय. उरलेले ११,५०० दिले, वर ‘गॅस्केट, ऑइल, कूलंट’ म्हणून २,७०० घेतले. बिल म्हणजे वहीतलं फाडलेलं पान.

काही आठवडे गाडी पळाली. मग शिट्टीसारखा आवाज, निळा धूर, आणि एका सकाळी ऐरोलीजवळ ती बसलीच. टोइंगचे २,४०० देऊन कळंबोलीला नेली. तिथे ट्रकची कामं करणारे एक जुने मिस्त्री आहेत. त्यांनी माझ्यासमोर एकेक भाग खोलला. हा टर्बो माझ्या मॉडेलचा नव्हताच. ॲक्च्युएटरची, म्हणजे त्या पात्या हलवणाऱ्या भागाची, पट्टी ग्राइंडरने कापून, वॉशर घालून बसवली होती. ॲल्युमिनियमला कॉस्टिक सोड्याने खड्डे पडलेले. कॉस्टिक लोखंडावर चालतं, ॲल्युमिनियम खातं, हे त्या ‘स्पेशालिस्ट’ला ठाऊक नसेल? ऑइलच्या वाटेत ब्लास्टिंगचे, म्हणजे घासून साफ करायला हवेच्या दाबाने मारतात ते, काचेचे मणी तसेच राहिले होते. मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेणारा दांडा ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. त्या थरात काच गेल्यावर बेअरिंगचं काय होणार?

मग मिस्त्रींनी एक रबरी नळी दाखवली. ॲक्च्युएटरला जाणारी व्हॅक्यूमची नळी. आजूबाजूच्या सगळ्या जुन्या, कडक झालेल्या, आणि हीच कोरी. माझ्या बिलात नळी कुठेच नव्हती. “मॅडम, नळी फाटली तरी हाच दिवा लागतो, हाच पिकअप जातो. त्यांना खरा फॉल्ट सापडला होता.” म्हणजे शे-दोनशेच्या नळीने गाडी चालू केली आणि माझा धडधाकट टर्बो लंपास केला. ॲक्च्युएटरला हातपंपाने व्हॅक्यूम द्यायचा, दांडी पूर्ण आणि सलग सरकली तर पात्या जाम नाहीत. पाच मिनिटांची तपासणी. टर्बो उतरवायच्या गोष्टी कुणी केल्या तर आधी ही समोर करून मागा.

योग्य टर्बो, इंटरकूलरची सफाई, ऑइल, फिल्टर असे ४४,८०० लागले.

आता पोलिसांचं. कळव्याकडच्या ठाण्यात म्हणाले, गॅरेज नवी मुंबईत, तिकडे जा. वास्तविक झिरो एफआयआर, हद्द कुठलीही असली तरी, कुठल्याही ठाण्यात घ्यायला हवा. तिकडे गेले तर पहिला प्रश्न, “मिस्टर नाही आले?” गाडी माझी, पैसे माझे, मिस्टर कशाला? मग, “गाडी परत मिळाली ना? काम केलंय ना? हा दिवाणी वाद आहे.” एखाद्याने काम करतो सांगून वस्तूच बदलून दिली तर ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मधली फसवणूक नाही, तर मग काय आहे? “मूळ टर्बोचा नंबर काय होता, पुरावा काय?” हा त्यांचा हुकमी प्रश्न, आणि तपास करणं हे त्यांचंच काम आहे हे मी सांगितल्यावर साहेब मोबाइलमध्ये बघत बसले. साधी पोच द्यायलाही तासभर बसवून ठेवलं. परवाना कोण बघतं विचारलं तर एका कार्यालयाने दुसरीकडे बोट दाखवलं, दुसऱ्याने तिसरीकडे. तिथे म्हणाले, गॅरेज आमच्या अखत्यारीत येत नाही. कुणाच्याच येत नाही तर बोर्ड लावून धंदा चालतो कुणाच्या भरवशावर? शेवटी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे सगळं लेखी करून वरिष्ठांना रजिस्टर पोस्टाने पाठवलं आहे.

ज्यांच्यावर वेळ आली आहे त्यांनी ग्राहक आयोग सोडू नका. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षं. वकील नसला तरी चालतं. मी तीच तयारी करतेय. मिस्त्रींनी लेखी अभिप्राय दिला आहे आणि तो रंगवलेला टर्बो गोणीत बांधून घरी ठेवलाय. खराब झालेला भाग कधीही गॅरेजमध्ये सोडू नका, वजनाचे पैसे देतो म्हणाले तरी.

टर्बो उतरवण्याआधी नंबरच्या पट्टीचा फोटो काढा, गाडीची नंबर प्लेट त्याच व्हिडिओत यायला हवी. हाऊसिंगवर मार्करने सही करा. जीएसटी बिल नाही तर पैसे नाहीत. टर्बो उघडला असेल तर कार्ट्रिजच्या, म्हणजे दांडा आणि बेअरिंग असलेल्या मधल्या भागाच्या, बॅलन्सिंगचा रिपोर्ट मागा. पात्यांच्या मर्यादेचा स्क्रू कुणी ‘थोडा फिरवून देतो’ म्हणाला तर हात लावू देऊ नका, तो कारखान्यात मोजून बसवलेला असतो. आणि न खोलता हायड्रोजन सोडून कार्बन काढतो म्हणणाऱ्यांना विचारा, घट्ट बसलेल्या पात्या त्याने कशा सुटणार.

गॅरेजचा बोर्ड आता उतरलाय. शटर मात्र रोज उघडतं, पोरं तीच आहेत. त्या रस्त्यावर ज्यांचा टर्बो ‘साफ’ होऊन आलाय, त्यांनी बॉनेट उघडून पट्टी जागेवर आहे का ते आजच बघा, आणि नसेल तर मला कळवा. चार तक्रारी एकत्र गेल्या की दिवाणी वाद म्हणून हाकलून देणं पोलिसांना जड जाईल.