तवशांच्या हंगामात तीस लिटरचा ओटीजी

यंदा परसात तवशाचे, म्हणजे मोठ्या पावसाळी काकडीचे, चारच वेल लावले होते, पण गणपतीत जी तवशी येऊ लागली ती थांबेचनात. कोवळी कोशिंबिरीला गेली, घावनांत गेली, वाडीत वाटली. जून होऊन पिवळी पडली ती सुंभात बांधून वाशाला टांगली. दोन-दोन किलोच्या त्या तवशांकडे बघून मला एकच सुचतं, धोंडस, म्हणजे तवशाचा आपला कोकणी गुळाचा केक. पण आमची चूल मोडून बारा वर्षं झाली. गॅसवर तव्यावर पातेलं ठेवून करायचे, तर खालून करपायचं आणि वरून पांढरंच राहायचं. धोंडसाला निखारे खालीही लागतात आणि झाकणावरही. म्हणून तीस लिटरचा, १५०० वॅटचा ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल, म्हणजे खाली-वर तापणारे रॉड असलेली विजेची भट्टी) घेतला. तीन महिने वापरून झाल्यावर लिहिते आहे.

आधी धोंडस, कारण त्याच्यासाठीच तर घेतला. तवसं सोलून, बिया काढून किसलं, रसासकट. त्यात गूळ, ओलं खोबरं, मीठ, काजूचे तुकडे घालून उकळलं आणि भाजलेला तांदळाचा रवा घालून दणदणीत वाफ आणली. हे सगळं गॅसवरच करायचं. कच्चं मिश्रण थेट भट्टीत घातलं तर रवा आतून कोरडा राहतो. मग आठ इंची डब्याला तूप लावून तळाला हळदीचं पान घातलं, वर वेलची. पहिली पस्तीस मिनिटं फक्त खालचा रॉड, नंतर पंधरा मिनिटं खालचा-वरचा दोन्ही. काचेतून बघत बसले होते. कडा आधी सुटल्या, मग वर गुळाचे बारीक बुडबुडे आले आणि ते करडे-तपकिरी होत गेले. डबा पालथा केला तेव्हा पानाच्या शिरा धोंडसावर जशाच्या तशा उमटल्या होत्या. सासूबाईंनी कडेचा तुकडा मोडून तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "अगो, निखाऱ्यावरचंच लागतंय की! फक्त धुराचा वास नाही." त्यांचं हे म्हणणं बरोबर आहे. धुराचा वास येत नाही तो नाहीच.

ही गोष्ट पहिल्याच दिवशी जमली नाही. पहिलं धोंडस मधोमध ओलं राहिलं, दुसरंही. शेवटी भट्टीत ठेवायचा तापमापक आणला, तेव्हा कळलं की बटण १८० वर असताना आत १६० सुद्धा धड होत नाही. आता २०० वर लावते आणि काम चोख होतं. कंपनीला फोन केला तर राजापूरला माणूस येत नाही, कोल्हापूरला घेऊन या, असं उत्तर मिळालं. इतकं अवजड यंत्र घाट चढवून कोण नेणार? मला याचा फार राग आला. गावात राहणाऱ्यानेही तेवढेच पैसे मोजलेले असतात. त्यामुळे कुठल्याही कंपनीचा घ्या, आधी आपल्या तालुक्यात दुरुस्तीला माणूस येतो का ते विचारा, आणि तापमापक त्याच दिवशी घ्या.

सुकवण्यासाठी मात्र हा घेऊ नका. ऑक्टोबरच्या वादळी पावसात पपईचं झाड पडलं, वीसेक कच्च्या पपया एकदम हाताशी आल्या. बारीक चौकोनी तुकडे करून, उकडून, एकतारी पाकात मुरवून टुटीफ्रुटी केली आणि सुकायला ओटीजीत ठेवली. बटणावर सगळ्यात कमी आकडा १०० चा. फळं सुकवायला साठाच्या आसपास पुरतं. तासाभरात तुकड्यांच्या कडा तपकिरी होऊन दातांना चिकटायला लागल्या. उरलेली ताटांत पसरून दोन दिवस पंख्याखाली ठेवली, ती सुरेख झाली आणि केळ्याच्या केकमध्ये गेली. मे महिन्यात अवकाळी पाऊस आला तर आमसुलांना याचा आधार होईल असं मनात होतं, ते सोडून दिलं.

बरण्यांसाठी मात्र छान. पेरूचा जॅम करताना धुतलेल्या काचेच्या बरण्या थंड असतानाच आत ठेवायच्या, ११० वर वीस मिनिटं. जॅम गरम असतानाच गरम बरणीत भरायचा. झाकणांना आतून रबर असतं, ती आत घालू नका, पाण्यात उकळून घ्या. तीन महिन्यांत एकाही बरणीला बुरशी आलेली नाही.

विजेचं म्हणाल तर पन्नास मिनिटांच्या धोंडसाला जास्तीत जास्त सव्वा युनिट जातं, कारण रॉड मधूनमधून बंद होत राहतो. सॉकेट सोळा अँपिअरचाच हवा आणि अर्थिंग तपासून घ्या. पावसाळ्यात ओल्या भिंतीची धास्ती असते. मध्येच लाईट गेली तर दार अजिबात उघडू नका. आतली ऊब पंधरा मिनिटं तरी टिकते, आणि वर कड धरलेली असली तर धोंडस तेवढ्यात बसत नाही.

घेताना घरातला पितळी टोप आत मावेल असं समजू नका. वरच्या आणि खालच्या रॉडमध्ये जागा कमी असते, टोपाचा काठ वरच्या रॉडला टेकतो. चार बोटं उंचीचा, पसरट डबा घ्या.