चिलीची 'कलम सुचवा' सेवा: सह्यांपर्यंत उत्तम, पुढे अंधार

नवं संविधान लिहिणाऱ्या चिलीच्या संविधान सभेची ही ऑनलाइन सेवा नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झाली आणि १ फेब्रुवारी २०२२ ला सह्या घेणं थांबलं. लोकांकडून नुसती मतं न मागवता थेट कलमं मागवणाऱ्या अशा सेवा जगात थोड्याच, म्हणून तिची नीट तपासणी व्हायला हवी.

वय १६ पूर्ण असलं की पुरे होतं. सरकारी ओळखीच्या पासवर्डने, म्हणजे 'क्लावे उनिका'ने, किंवा ओळखपत्रावरच्या क्रमांकांनी आत जायचं. अर्जात अडचण काय आहे, काय असायला हवं, संविधानात नेमकं काय यावं आणि का, हे वेगवेगळ्या रकान्यांत लिहायचं. कलमाचा मजकूरही जोडता येई. हे रकाने फार विचारपूर्वक केलेले होते. वकील नसलेल्या माणसालाही त्यांच्या आधाराने मुद्दा धड मांडता येई. मग छाननी, आणि प्रस्ताव प्रसिद्ध झाला की सह्या.

सह्यांचे नियम ही या सेवेची सर्वांत जमलेली बाजू. १५,००० सह्या लागत आणि त्या किमान चार प्रांतांतून याव्या लागत, म्हणजे एकट्या राजधानी सान्तियागोच्या जोरावर काम भागत नसे. एका माणसाला फक्त सात प्रस्तावांना पाठिंबा देता येई. त्यामुळे दिसेल त्यावर सही ठोकण्याऐवजी लोकांना निवड करावी लागली. जवळपास १० लाख लोकांनी भाग घेतला, तोही दोन कोटींच्या आतल्या लोकसंख्येत!

अडलं ते वेळेपाशी. सुमारे अडीच हजार प्रस्ताव प्रसिद्ध झाले, उंबरठा ओलांडला ७८ नी. जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या प्रस्तावाच्या हाती काही आठवडेच उरत. ज्यांच्यामागे आधीपासून संघटना होती, त्यांचं जमलं. गावातल्या पाण्याचा प्रश्न घेऊन आलेल्या चार-पाच जणांना एवढ्यात १५,००० माणसं कुठून मिळणार?

उंबरठा ओलांडलेला प्रस्ताव सभासदांच्या प्रस्तावासारखाच समितीत चर्चेला आणि मतदानाला येई. तिथून पुढे सभागृहात दोन तृतीयांश मतं लागत. प्रजननहक्कांचा प्रस्ताव असाच आत आला आणि त्या विषयाला मसुद्यात ६१ वं कलम मिळालं. उलट 'कोन मी प्लाता नो', म्हणजे 'माझ्या पैशाला हात लावू नका', हा पेन्शनच्या बचतीविषयीचा प्रस्ताव ६० हजारांहून अधिक सह्या घेऊन सर्वांत पुढे होता, तरी समितीतच पडला. फेटाळण्याचा अधिकार सभेला होताच. पण फेटाळताना सही करणाऱ्या प्रत्येकापर्यंत लेखी कारण पोहोचवण्याची सोय या सेवेत हवी होती. एवढ्या लोकांची ओळख पटवून सही घेता येते, तर त्यांना चार ओळींचं उत्तरही धाडता येतं.

दुसरी उणीव मला जास्त खुपते. सह्यांचं दार बंद झालं तेव्हा मसुदा तयारच नव्हता. लोकांनी कोऱ्या पानावर सुचवलं; ३८८ कलमं समोर आली तेव्हा सुचवायची वेळ संपलेली, उरलं फक्त सार्वमतात हो किंवा नाही म्हणणं. आपल्याकडे फेब्रुवारी १९४८ मध्ये मसुदा छापून देशापुढे ठेवला आणि बाबासाहेबांनी तो ४ नोव्हेंबरला संविधान सभेत मांडला. मधले आठ महिने लोकांना तो वाचून अभिप्राय देता आले. चिलीत ४ सप्टेंबर २०२२ च्या सार्वमतात जवळपास ६२ टक्के मतदारांनी मसुद्याला नकार दिला. त्याला कारणं अनेक, सगळा दोष या सेवेवर टाकणं चूक ठरेल.

२०२३ मध्ये संविधान लिहिण्याच्या दुसऱ्या फेरीत क्रम सुधारला: आधी तज्ज्ञांचा मसुदा, मग लोकांचे प्रस्ताव, आणि उंबरठा १०,००० सह्यांचा. मुदत मात्र ७ जून ते ७ जुलै, जेमतेम महिनाभर.